नार्दाच्या लग्नाची पत्रिका

गेल्या वैशाखात मालकांच्या मुलीच्या लग्नात मी ढसाढसा रडलो. त्याचा फायदा मला अजून मिळतोय.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेबनीस आहे. मालकांची मुलगी शिकायला पुण्याला गेली ती तिकडचीच झाली. आजवर तिला मी चारदा पाहिली असेन, त्यात दोनदा ती गाडीच्या काचेआड होती. तेव्हा तिच्या लग्नात मी रडावं असा आमचा काही संबंध नव्हता.

मुहूर्त बारा पस्तीसचा. कार्यालय विश्रामबागेत. मी तिसऱ्या रांगेत अशा पंख्याखाली बसलो होतो, की जो फिरत होता पण वारा दुसऱ्याच कुणाला तरी देत होता. मुठीतल्या अक्षता घामाने भिजून त्यांचा भात व्हायला आला होता. तेवढ्यात नवरदेव आला. काळा सूट, केस चापून मागे वळवलेले, आणि ओठावर पट्टी लावून ओढल्यासारखी बारीक मिशी. माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे, मँड्रेक!" शेजारचे गृहस्थ म्हणाले, "नाही, जमखंडीचे आहेत."

नवरदेव कपडे बदलायला आत गेला आणि मुहूर्त लांबला. रिकामा वेळ आणि हातात फोन. मी मँड्रेकचं, लहानपणच्या कॉमिक्समधल्या त्या जादूगाराचं, नाव टाकलं. चार ओळी वाचल्या आणि पाचव्या ओळीत लिहिलं होतं की, मँड्रेक आणि राजकन्या नार्दा यांचा विवाह १९९७ साली झाला.

नेमकं त्याच क्षणी भटजींनी मंगलाष्टकांना सुरुवात केली.

आता ज्यांचं बालपण मोबाईलवर गेलं त्यांना हे समजावून सांगायला हवं. इंद्रजाल कॉमिक्स सुरू झालं १९६४ साली, मार्चमध्ये. मराठीतही यायचं. त्यात वेताळ होता, मँड्रेक होता, पुढे आपला बहादूरही आला. आमच्या गावभागात एका जिन्याखाली भाड्याने पुस्तकं मिळायची. सुतळीला चिमटे लावून अंक वाळत घातल्यासारखे टांगलेले. रोजचे पंचवीस पैसे. अंक परत घेताना तो माणूस पानं मोजून घ्यायचा, बँकेतल्या कॅशियरसारखी, थुंकी लावून. आम्ही चौघं पैसे काढून एक अंक आणायचो, मधे ठेवायचो आणि भोवती बसायचो. प्रत्येक पानाला "उलटू का?" असं विचारायची पद्धत होती, आणि एक जण नेहमी "थांब" म्हणायचा. माझी जागा समोरची, म्हणून मी उलटं वाचायला शिकलो. हे शिक्षण वाया गेलं नाही. आजही सौद्याला समोर बसलेल्या खरेदीदाराच्या डायरीतला आकडा मी इकडून बिनचूक वाचतो.

घरी विरोध होता, पण तो फक्त वेताळाला. आजी म्हणायची, दिवेलागणीला ते नाव काढू नका. हा वेताळ चांगला आहे, गरिबांना मदत करतो, असं सांगितलं तर म्हणायची, "सगळे आधी तसंच म्हणतात."

चौघांत वाटण्या झाल्या होत्या. दोघं वेताळाचे, एक बहादूरचा. मी मँड्रेकचा असं सगळे धरून चालले होते. पण मी मँड्रेकचा नव्हतोच. तो हात हलवणार, गुंडाच्या हातातल्या पिस्तुलाचा साप होणार, हे ठरलेलं. त्याची काळजी करायचं कारण नव्हतं. मला काळजी होती नार्दाची.

कारण त्याच सुमारास आमच्या आत्याचं लग्न जमत नव्हतं. दर रविवारी पोहे व्हायचे. पाहुणे पोहे खाऊन "कळवतो" म्हणून जायचे. उरलेले पोहे आम्हा मुलांना मिळायचे, त्यामुळे नकार आला की मला आधी पोहे आठवायचे आणि मग आत्याचं तोंड बघून लाज वाटायची. आई-आजीचं कुजबुजणं, वडिलांचं "बघू" म्हणून पेपर वर करणं, हे सगळं सोडून मी माडीवर जायचो आणि अंक उघडायचो, तर तिथेही तेच! नार्दा कोकेन देशाची राजकन्या. (नाव तसंच आहे, माझा इलाज नाही.) रूपाने चांगली, स्वभावाने शांत, प्रसंगी ज्यूदोही येतो. मँड्रेकबरोबर जगभर हिंडते, झनाडू नावाच्या त्याच्या वाड्यावर जाते-येते. आणि हा गृहस्थ विषयच काढत नाही! शेवटच्या चौकटीत दोघं हातात हात घेऊन उभे, की मी पान उलटून मागचं मुखपृष्ठ बघायचो. न जाणो, तिथे काही ठरलं असेल.

आत्याचं जमलं. ८४ साली तिला कराडला दिली. नार्दा राहिली.

आशा नव्हती असं नाही. वेताळाची डायना १९३६ पासून ताटकळत होती, तिलाही १९७७ साली न्याय मिळाला. एकेचाळीस वर्षं! पुढे जुळी झाली, एक मुलगा, एक मुलगी. वेताळाचं तरी समजू शकतो. गुहेत राहणार, मुखवटा काढणार नाही, आणि घराण्यात बापानंतर मुलानेच तो मुखवटा चढवायचा. असं स्थळ कुठला मुलीकडचा पटकन पत्करेल? पण मँड्रेकला काय अडचण होती? स्वतःचं घर, बोलून-चालून नाव कमावलेलं, होजोसारखा आचारी. लोथारसारखा राजपुत्र राज्य सोडून ह्याच्याबरोबर राहतो, म्हणजे माणूसही चांगलाच असणार. मग घोडं अडलं कुठे?

१९९० साली इंद्रजाल बंद पडलं. मी बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो, मिशी फुटलेली होती, म्हणून उघडपणे काही बोलता आलं नाही. आठशेच्या वर अंक निघाले आणि नार्दा तशीच राहिली. काही घरांत अशी एखादी मुलगी असते, जिचा विषय पुढे कुणी काढत नाही. माझ्या मनात नार्दाचं तसं झालं.

आणि आता, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांनी, फुकट वारा खाणाऱ्या पंख्याखाली मला कळत होतं की तिचं झालंय. १९३४ ते १९९७. मी हिशेबनीस, वजाबाकी आपोआप झाली. त्रेसष्ट वर्षं. पुढे आणखी वाचलं. ज्यांनी हे दोघं निर्माण केले, वेताळही त्यांचाच, ते ली फॉक १९९९ च्या मार्चमध्ये गेले. म्हणजे म्हाताऱ्याने डोळे मिटायच्या आत पोर उजवली. तिथे माझा बांध फुटला. वर भटजी "सावधान" म्हणत होते आणि मी रुमाल शोधत होतो. अक्षता टाकायच्या राहिल्या, त्या मी रुमालात बांधून घरी आणल्या.

पुढचं माझ्या हातात राहिलं नाही. मालकांनी स्टेजवरून मला पाहिलं, खाली आले आणि भर मांडवात मिठी मारली. "पंचवीस वर्षं माझं मीठ खाल्लंय ह्यानं," असं व्याह्यांना सांगितलं. व्याह्यांचेही डोळे पाणावले. नवरीने वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "काका, मी येत जाईन." पहिल्या पंगतीला मला व्याह्यांशेजारी बसवलं. जिलबी वाढणारा माझ्यापाशी आला की मालक लांबूनच दोन बोटं वर करायचे. दिवाळीला बोनस वाढला. तो खरं तर नार्दाचा आहे. पण अडतीच्या वहीत असं खातं मला उघडता येईना.

गडबड झाली ती बायकोपाशी. बायकांच्या बाजूने ती धावत आली. "अहो, काय झालं?" मी हुंदक्यात एवढंच म्हणालो, "नार्दाचं लग्न झालं गं."

परत येताना स्कूटरवर शांतता. पुष्पराज चौक आला, गेला. राम मंदिर गेलं. एरवी ही मागून रस्त्याच्या खड्ड्यांची यादी करत असते, पण त्या दिवशी खड्ड्यांनासुद्धा सूट होती. कुलूप उघडलं, पंखा लावला, पाण्याचा तांब्या ठेवला आणि विचारलं, "नार्दा कोण?"

"तशी नाही. पुस्तकातली आहे."

"कुठल्या? नारद पुराणातली?"

बोलून भागणार नव्हतं. मी माळ्यावरून ट्रंक काढली. ट्रंक दिसल्यावर ती आणखी भडकली, आणि त्यात तिची चूक नाही. त्या ट्रंकेचा इतिहास आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५. आमच्याकडे पावसाळ्यात नमस्कार-चमत्काराऐवजी "किती फूट?" असंच विचारतात. त्या रात्री पाणी बोळाच्या तोंडाशी आलं, लाईट गेली, समोरच्यांनी त्यांच्या दुसऱ्या मजल्यावर बोलावलं. मी जी पहिली गोष्ट डोक्यावर घेऊन जिना चढलो, ती ही ट्रंक. दुसऱ्या खेपेला मी सासूबाईंना आणलं. गेली कित्येक वर्षं हा क्रम आमच्या घरात दर महिन्याला एकदा तरी निघतो. माझं म्हणणं साधं आहे. सासूबाईंना पाय आहेत, ट्रंकेला नाहीत. हे मी सासूबाईंच्या समोर एकदाच म्हणालो.

ट्रंक उघडली. कापूर, डांबरगोळ्या आणि जुन्या कागदाचा वास. वरच्याच अंकावर माझा पिवळा अंगठा उमटलेला होता. अडतीवर लागल्यापासून जे हाताळेन त्याला हळद लागते. नोटा, भाकरी, पावत्या, सगळं पिवळं. आणि नेमका तो ठसा नार्दाच्या गालावर. म्हणजे तिला हळद लागली होती, तीही आमच्या सांगलीची, २०१८ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेली. हे मी बायकोला दाखवलं. तिने अंक हातात घेतला, उलटसुलट केला आणि म्हणाली, "दिसायला बरी आहे," आणि स्वयंपाकघरात गेली.

दुसऱ्या दिवशी यार्डात डोळे सुजलेले. पोती उतरवणाऱ्या हमालाने विचारलं, "काय वो, कोन गेलं?"

"कोण गेलं नाही. लग्न झालं एकीचं."

"मग रडाय काय झालं?"

"आम्हाला कळवलंच नाही."

त्याने पोतं खाली टेकवलं. "पाव्हण्यातली का?"

"लांबची."

"लांबची असली म्हनून काय झालं! कळवाय नको? आमच्या भावकीत बी असंच केलंय." मग अर्धा तास त्याने भावकीतलं ते लग्न सांगितलं. एवढं माझं दुःख त्या दिवसात दुसऱ्या कुणालाच समजलं नव्हतं.

आपल्या गावाला खरं तर हे समजायला हरकत नसावी. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ह्याच सांगलीत 'सीता स्वयंवर' उभं केलं. तेव्हा समोर बसलेल्यांपैकी किती जण सीतेच्या माहेरचे होते? तरी अक्षता टाकल्यासारखी तोंडं करून बसलेच असतील ना.

आठवड्याने रात्री उशिरा जाग आली, तर स्वयंपाकघरात दिवा. बायको पाटावर बसून अंक वाचत होती. पाचवा की सहावा. जवळ रिकामी भडंगाची वाटी.

"हा आचारी, होजो," ती मान वर न करता म्हणाली, "लग्नात जेवण ह्यानंच केलं असेल ना?"

"तो गुप्तहेर संघटनेचा प्रमुखही आहे. कुणाला माहीत नसतं."

"म्हणून काय झालं? घरचा आचारी असताना बाहेरचा कशाला सांगतील?"

मी तिला उरलेलं सांगितलं. लग्न एकदा नाही, तीनदा लागलं. एकदा झनाडूला, एकदा तिच्या माहेरी, आणि एकदा मँड्रेकच्या वडिलांच्या जादूच्या विद्यालयात, हिमालयात.

"हिमालयात? मग मिरजेहून निजामुद्दीनला गाडी होतीच की. जाता आलं असतं."

"तेच म्हणतोय मी! बोलावलं असतं तर."

"तीनदा म्हणजे आहेर पण तीन." तिने पान उलटलं. मग एकदम थांबली. "कुठल्या साली म्हणालात?"

"सत्त्याण्णव."

"अहो, आपलं पण सत्त्याण्णवलाच झालं."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तिने अंक मिटला, चष्मा काढला आणि माझ्याकडे बघितलं.

"मग आपली पत्रिका तुम्ही पाठवली होती का तिला?"