नेपच्यून कागदावर सापडला हे खरंच, पण पुढचं पण ऐका दादा

दादा, तुमची कमेंट दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की पुरावर लिहिताना मी गणिती मॉडेलला कमी लेखलं, नदीकाठच्या जुन्या लोकांचा अंदाज डोक्यावर घेतला, आणि नेपच्यून दुर्बिणीच्या आधी कागदावर सापडला होता हे विसरलो. विसरलो नाही. लव्हेरिए या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञानं युरेनसच्या कक्षेतल्या फरकावरून हिशोब मांडला, 23 सप्टेंबर 1846 ला बर्लिनमध्ये गाले या खगोलशास्त्रज्ञानं दुर्बीण लावली, आणि सांगितलेल्या जागेपासून एक अंशाच्या आत ग्रह! अजून अंगावर काटा येतो.

पण तोच लव्हेरिए पुढं बुधाकडं वळला, बुध पण हिशोबात बसत नव्हता, मग यानं तीच युक्ती लावली, सूर्य आणि बुधाच्या मध्ये अजून काहीतरी फिरत असणार, त्या ग्रहाला व्हल्कन नाव पण पडलं. माणूस तोच, पद्धत तीच, लोकांनी लै वर्षं शोधलं, ग्रह काय मिळाला नाही. बुधाच्या कक्षेतला शतकाला 43 विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) तो फरक 1915 मध्ये आइनस्टाइनच्या नव्या सिद्धांतानं सुटला. आकडेमोड चुकली नव्हती, न्यूटनच्या ज्या नियमावर ती उभी होती तोच सूर्याच्या इतक्या जवळ अपुरा पडत होता, आणि कुठला हिशोब खरा ते दोन्ही वेळेला आकाशाकडं बघूनच ठरलं.

आता आपली कोल्हापूरची पंचगंगा नदी घ्या. पावसाळ्यात आपण उठल्या उठल्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो, 39 फूट इशारा, 43 फूट धोका. फूट म्हणजे पट्टी वाचायची. पण क्युसेक, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी वाहतंय ते, कुणी दर तासाला नदीत उतरून मोजत नाही, आधी वेगवेगळ्या पातळ्यांना वेग मोजून आलेख केलेला असतो, त्यावरून इतके फूट म्हणजे इतकं पाणी असं काढतात. हेच मॉडेल. आता पात्रात गाळ साचला, काठाला भराव पडला, नाहीतर पंचगंगा पुढं जिला मिळते त्या कृष्णेला फुगवटा आला की पाणी तटतं, फूट तेवढेच दिसतात पण वाहणारं पाणी कमी, आलेखाला याचा पत्ताच नाही. 2019 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं. तेवढ्या उंचीला कुणी वेग मोजलेला नसेल तर तिथं आलेखाची रेघ नुसती अंदाजानं पुढं ओढलेली असते. माझा राग त्या रेघेला मोजमाप समजण्यावर आहे, गणितावर नाही.

एका गोष्टीत मात्र तुम्ही बरोबर आहात आणि मी ती लिहायला पाहिजे होती. जुन्या लोकांच्या डोक्यात पण मॉडेलच असतं, 2005 च्या पुराच्या खुणेचं. 2019 ला आमच्याच घरात मोठी माणसं म्हणत होती, 2005 ला उंबऱ्याला लागून परत गेलं, त्याच्या वर येत नाही, आणि धान्याची पोती खालीच राहिली. रात्रीतनं सगळी भिजली. बाहेर जाऊन पाणी कुठल्या पायरीवर आलंय ते तासातासाला बघितलं असतं तर संध्याकाळीच कळलं असतं.

तुम्ही म्हणता ते पुराचं मॉडेल 2019 च्या पातळ्यांशी ताडून बघितलंय का? असेल तर आकडे टाका इथं, मी त्या लेखात दुरुस्ती करतो.