"ए ग्रेड आहे, डोळे झाकून ॲडमिशन घ्या" हा मेसेज फिरायलाय, त्यातलं खरं किती

चार दिवसात हा मेसेज मला सहा जणांनी पाठवला, त्यात दोन मामा अन् एक साडू. सगळ्यांचा प्रश्न एकच, तू तर कॉलेजात होतास ना, सांग बरं घ्यावं का ॲडमिशन. मेसेज थोडक्यात असा: आपल्या मराठवाड्यातलं अमुक खाजगी इंजिनिअरिंग कॉलेज काही वर्षांत कुठल्या कुठं गेलं, सीटा दुपटीवर गेल्या, एआयसीटीईची (इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी देणारी केंद्रीय संस्था) मान्यता, नॅकचा (कॉलेजांची तपासणी करून ग्रेड देणारी संस्था) ए म्हणजे सगळ्यात वरचा ग्रेड, एनबीए (ब्रांचचा दर्जा तपासून दिलेली मान्यता) असल्यामुळं डिग्री अमेरिकेत चालते, ऑटोनॉमस आहे म्हणून डिग्री कॉलेजचीच, आणि ज्या कॉलेजला नॅक नाही तिथली डिग्री बाद. खाली "सीटा संपण्याआधी फॉरवर्ड करा".

कॉलेजचं नाव मी लिहीत नाही, कारण हाच मजकूर नाव बदलून तीन जिल्ह्यांत फिरायलाय.

मी खाजगी कॉलेजात नऊ वर्षं शिकवलं, त्यातली दोन वर्षं निव्वळ नॅकच्या फायलींत गेली. म्हणून लिहितोय, नाहीतर मला काय पडलंय.

एआयसीटीई मान्यता: ही काही शाबासकी नाही. ती नसेल तर कॉलेजला इंजिनिअरिंगचा वर्गच भरवता येत नाही, म्हणजे दुचाकीला लायसन असण्यासारखं. तिचं एक्स्टेन्शनचं, म्हणजे मान्यता पुढं चालू ठेवल्याचं पत्र कॉलेजच्या साईटवर असतं, त्यात कोणत्या ब्रांचला किती जागा मंजूर ते लिहिलेलं असतं. ते उघडा, पुढे जाऊ.

सीटा दुपटीवर गेल्या: हे खरं असू शकतं, पण त्यावरून काय कळतं? २०२४-२५ पासून एआयसीटीईने चांगल्या कामगिरीच्या कॉलेजांसाठी एका ब्रांचच्या जागांवर असलेली वरची मर्यादा उठवली, मग ज्याला त्याला कॉम्प्युटर आणि एआयच्या जागा वाढवून पाहिजेत. मंजूर जागा वेगळ्या अन् भरलेल्या जागा वेगळ्या, मेसेजवाले कायम पहिलाच आकडा सांगतात. आपल्याकडं हे नवीन नाही. संभाजीनगरचं सरकारी कॉलेज १९६० चं, नांदेडचं एसजीजीएस १९८१ चं, आणि १९८३ ला वसंतदादांच्या सरकारनं विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली तेव्हा कुठं बीड लातूरकडच्या पोरांचं पुण्याला खोली करून राहणं जरा कमी झालं, ते उपकार मी नाकारत नाही. पण पुढं गावाबाहेर माळरानावर इतक्या इमारती उभ्या राहिल्या की काही वर्षांनी मेकॅनिकल सिव्हिलच्या वर्गात पोरांपेक्षा बाक जास्त, आणि सर लोक उन्हाळ्यात गावोगाव फिरून "ॲडमिशन आणा" मोहिमेवर. मी पण गेलोय, सोयाबीनच्या ढिगावर बसून लोकांना प्लेसमेंट समजावलंय. तर नवीन जागा वाढल्या की मला पहिला प्रश्न सुचतो तो मास्तरांचा. नियमात वीस पोरांमागे एक शिक्षक आहे. सीटा वाढल्या तेवढे शिक्षक वाढले का, अन् त्यातले किती जण मागच्या वर्षीही तिथंच होते, हे विचारा.

आता नॅक. इथं मेसेज सरळ चुकीचा आहे. ए हा सगळ्यात वरचा ग्रेड नाही. चारपैकी ३.०१ ते ३.२५ गुण असले की ए, त्याच्यावर ए प्लस, अन् ३.५१ च्या पुढं ए डबल प्लस. म्हणजे ए तिसरा. आपल्या शाळेत अ श्रेणी पहिली असते म्हणून लोकांना वाटतं इथंही तसंच. दुसरं म्हणजे नॅक पूर्ण संस्थेला ग्रेड देतं, तुमच्या पोराच्या ब्रांचला नाही. सात क्रायटेरिया असतात, अभ्यासक्रम, शिकवणं, संशोधन, सोयीसुविधा, विद्यार्थ्यांना मदत, कारभार, मूल्यं, आणि प्लेसमेंट हा त्यातल्या एका क्रायटेरियातला एक मुद्दा, त्याची हमी वगैरे काही नसते. तिसरं, ग्रेड साधारण पाच वर्षांसाठी असतो, पण गेटवरचा बोर्ड कोणी उतरवत नाही.

अन् ग्रेड येतो कसा ते आतून सांगतो. आमच्याकडं पीअर टीम, म्हणजे नॅकची तपासणी समिती, यायच्या आधी महिनाभर वर्ग जवळपास बंद होते. जिओटॅग (जागेची नोंद असलेले) फोटो, एमओयूच्या (बाहेरच्या संस्थांशी केलेल्या करारांच्या) प्रती, फीडबॅकचे फॉर्म, लायब्ररीच्या रजिस्टरमधल्या जुन्या सह्या एका आठवड्यात "पूर्ण" झाल्या, कशा ते विचारू नका. तरी नॅक म्हणजे सगळं थोतांड असं मी म्हणणार नाही, त्याच धसक्यानं आमच्याकडं मुलींसाठी धड कॉमन रूम झाली अन् लॅबमधली चार वर्षं बंद पडलेली मशीन सुरू झाली. पण २०२५ च्या फेब्रुवारीत सीबीआयने आंध्रातल्या एका संस्थेच्या प्रकरणात नॅकच्या तपासणी समितीतल्या लोकांनाच लाचेच्या आरोपाखाली अटक केली होती, त्यामुळं ग्रेड बघून डोळे झाकायचे दिवस गेलेत.

नॅक नाही तर डिग्री बाद, हे तर निव्वळ घाबरवणं आहे. डिग्री विद्यापीठ देतं. कॉलेज विद्यापीठाला संलग्न आहे अन् एआयसीटीईची मान्यता आहे, तर नॅक नसल्यानं डिग्री बाद होत नाही. आपल्याकडची बरीच कॉलेजं आता लोणेरेच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाला जोडलेली आहेत, तर सर्टिफिकेटवर त्याचं नाव येतं. ऑटोनॉमसचं पण तेच, अभ्यासक्रम अन् परीक्षा कॉलेजच्या हातात येतात, डिग्री विद्यापीठाचीच राहते. उलट ऑटोनॉमस कॉलेजात पेपर काढणारे, शिकवणारे आणि तपासणारे बहुतेक घरचेच असतात, म्हणून तिथं मास्तर कसे आहेत हे जास्त महत्त्वाचं.

राहिलं एनबीए अन् अमेरिका. या एका मुद्द्यावर लोक सगळ्यात जास्त फसायलेत. एनबीए कॉलेजला नसतं, एकेका ब्रांचला असतं, तेही ठरावीक वर्षांसाठी. मेकॅनिकलला असलं म्हणून एआयला लागू होत नाही. अन् ब्रांचच्या किमान दोन बॅच पास होऊन बाहेर पडल्याशिवाय एनबीएसाठी अर्जच करता येत नाही. आता हिशोब करा, २०२३ ला सुरू झालेल्या ब्रांचची पहिली बॅच २०२७ ला बाहेर पडणार, दुसरी २०२८ ला. म्हणजे त्या ब्रांचच्या पत्रकावर एनबीए छापलेलं असेल तर ते शेजारच्या ब्रांचचं आहे.

अमेरिकेची गोष्ट वॉशिंग्टन करारावरून निघाली, म्हणजे एकमेकांचं इंजिनिअरिंगचं शिक्षण बरोबरीचं मानायचा देशादेशांतला करार. भारत त्याचा पूर्ण सदस्य झाला जून २०१४ ला. पण त्यात एनबीएच्या टियर वन ब्रांचाच येतात, म्हणजे ऑटोनॉमस कॉलेज किंवा विद्यापीठाचे विभाग. साध्या संलग्न कॉलेजला मिळतं ते टियर टू, ते त्या करारात नाही. आणि टियर वन असलं तरी तो करार अभ्यासक्रमाची बरोबरी मानण्यापुरता आहे, व्हिसा अन् नोकरीशी त्याचा संबंध नाही.

एवढं सगळं पाहायला चार साईट लागतात, एआयसीटीई, नॅक, एनबीए अन् सीईटी सेल (राज्याची प्रवेश परीक्षा अन् ॲडमिशन बघणारं ऑफिस). सीईटी सेलवर मागच्या वर्षी त्या ब्रांचला कितव्या पर्सेंटाईलला ॲडमिशन बंद झाली ते दिसतं, अन् फी ही शुल्क नियामक प्राधिकरणानं ठरवलेली असते, ऑफिसात तोंडी सांगतात ती नाही. "सीटा संपतील" म्हणून घाई करणाऱ्याला सांगा की कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीच्या जागा मेरिटनं भरतात, फॉरवर्डनं नाही.

मी मामाला म्हणलं, ज्यानं मेसेज पाठवला त्याला एवढंच विचार की एनबीए कोणत्या ब्रांचला आहे अन् कधीपर्यंत. मामानं विचारलं. तिकडून अंगठा आला.