‘पीएचपी गर्दीत टिकत नाही’ या संदेशाबाबत खुलासा

सांगलीतील हळद-बेदाण्याच्या व्यापाऱ्यांमध्ये सध्या एक संदेश फिरत आहे: ‘पीएचपीवरचे संकेतस्थळ गर्दी वाढली की कोसळतेच, म्हणून सगळे नोडमध्ये नव्याने लिहून घ्या.’ (पीएचपी ही संकेतस्थळे लिहिण्याची संगणकीय भाषा; नोड हे त्याच कामासाठीचे, जावास्क्रिप्ट भाषेवर चालणारे दुसरे साधन.) संदेशातील हा दावा चुकीचा आहे.

विकिपीडिया ज्या मीडियाविकी प्रणालीवर चालतो, ती आजही पीएचपीतच लिहिलेली आहे. बहुतेक वाचकांना तयार पान कॅशमधूनच, म्हणजे आधी बनवून ठेवलेल्या प्रतींच्या साठ्यातूनच, मिळत असल्याने त्यांची विनंती पीएचपीपर्यंत पोहोचतही नाही. फेसबुकने २०१४ मध्ये हॅक ही स्वतःची भाषा आणली हे खरे, पण तीही पीएचपीतूनच निघालेली आहे. संदेशातील वेगाचा तक्ता पीएचपी ५ या जुन्या आवृत्तीचा आहे; डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या पीएचपी ७ ने अनेक कामांत वेग जवळपास दुप्पट केला, याचा त्यात उल्लेखही नाही.

सौद्याचे दर दाखवणारे आमच्या पाहण्यातील एक पान असेच रखडत असे. तपासल्यावर आढळले की, डेटाबेसमध्ये तारीख आणि मालाची प्रत यांवर इंडेक्सच (नोंद पटकन सापडावी म्हणून ठेवलेली सूची) नव्हता, त्यामुळे हिरव्या बेदाण्याचा एक दर शोधण्यासाठी दर वेळी सगळे टेबल पहिल्या नोंदीपासून चाळले जाई. इंडेक्स लावला आणि पान झटक्यात उघडू लागले. भाषेला हात लावावा लागला नाही.

चालू सौद्यातील बोली क्षणोक्षणी हजारो मोबाइलवर दाखवायची असेल, तर मात्र एकाच वेळी अनेक जोडण्या खुल्या ठेवण्यात नोड उजवा ठरतो, आणि तेवढाच भाग त्यात वेगळा लिहिता येतो.