अंगठा इथे लावा, मावशी

माणसांवर नवं औषध तपासायचं संशोधन करायचं म्हणताय? करा की. पुण्यासारखी जागा नाही. टेकडीच्या अलीकडे रक्त तपासायची यंत्रं, पलीकडे रक्त द्यायला माणसं, मधे एक रिक्षा. आमच्या मंगलबाई मागच्या गुरुवारी त्या रिक्षात बसून एका मोठ्या रुग्णालयात गेल्या आणि दुपारी परत आल्या तेव्हा त्यांचा डावा अंगठा जांभळा होता. भांड्यांच्या साबणाने घासला तरी निघेना. तो घासता घासता त्यांनी जे सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी मी स्वतः जाऊन जे पाहिलं, त्यातून मला या विषयाची बरीच समज आली. ती तुम्हाला फुकट देते. येण्या-जाण्याचं भाडंही मागत नाही.

सगळ्यात आधी माणूस नीट निवडा. सहकारनगरातल्या बंगल्याची बेल वाजवू नका. तिथले काका आधी तुमचं ओळखपत्र मागतील, मग ते चष्मा लावून दोनदा वाचतील, मग अमेरिकेतल्या जावयाला फोन लावतील आणि तो उठेपर्यंत तुम्हाला फाटकाबाहेर उभं करतील. त्यापेक्षा चार पावलं वर तळजाईच्या वस्तीत जा. तिथे ‘डॉक्टर सांगतात’ एवढं पुरतं. मंगलबाई बहात्तरच्या दुष्काळात आईच्या कडेवर बसून पुण्यात आल्या. तेव्हापासून कुठल्याही टेबलापलीकडच्या माणसाला त्यांनी ‘नाही’ म्हटल्याचं मला आठवत नाही. मला तर नाहीच. (वीस वर्षांत दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांना कामावर बोलावलं नाही असं एकही वर्ष गेलं नाही, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.)

भाषेकडे लक्ष द्या. माहितीपत्रक समोरच्याला कळेल अशा भाषेत हवं, तसा नियम आहे, आणि ते होतंही मराठीतच. अठरा पानं. त्यातलं एक वाक्य मी तुमच्यासाठी उतरवून आणलंय: ‘सदर अभ्यास हा यादृच्छिक, दुहेरी अंध व प्लासिबो-नियंत्रित स्वरूपाचा असून विषयांचे वाटप संगणकाद्वारे करण्यात येईल.’ यातला ‘विषय’ म्हणजे मंगलबाई. हे त्यांना एका ताईने घडाघडा वाचून दाखवलं, आणि त्यांनी एवढंच विचारलं, ‘म्हणजे दोन्ही डोळे जात्यात का?’

टेबलाभोवतीची सगळी हसली म्हणे. मंगलबाईसुद्धा हसल्या, कारण सगळे हसत होते.

त्यांच्या थोरल्या जाऊबाईंचे डोळे साखरेनेच गेलेत. दोन्ही. अख्ख्या अठरा पानांवर त्या खोलीत एकच शहाणा प्रश्न विचारला गेला आणि त्याला उत्तर मिळालं, ‘नाही हो मावशी, ते आमच्यासाठी असतं.’ बरोबर आहे. कुणाला खरी गोळी आणि कुणाला नुसती खडूची, हे डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही कळू द्यायचं नाही, याला दुहेरी अंध म्हणतात. हे एका वाक्यात सांगता येतं, आत्ताच सांगितलं. पण मग ती बाई विचारेल, ‘मला खडूची आली तर माझ्या साखरेचं काय?’ आणि तुमचा दिवस फुकट जाईल. त्यापेक्षा ‘शुगरची नवीन गोळी, चांगली आहे, फुकट आहे’ म्हणा. सोप्या भाषेची ही परंपरा जुनी आहे. अमेरिकेत अलाबामा राज्यात टस्कीगीला १९३२ साली सिफिलिस झालेल्या ३९९ गरीब काळ्या माणसांना ‘तुमचं रक्त खराब आहे’ एवढंच सांगितलं होतं. वर गरम जेवण आणि मेल्यावर दफनाचा खर्च. मधल्या काळात पेनिसिलिन आलं, ते त्यांना मिळू दिलं नाही, कारण रोग शेवटपर्यंत कसा जातो ते बघायचं होतं. चाळीस वर्षं बघितलं. १९७२ मध्ये वर्तमानपत्रात छापून आलं तेव्हा थांबले.

उपाशीपोटी रक्त घेऊन झालं की मधुमेह्याला गोड चहा आणि ग्लुकोजचा पुडा द्यायला विसरू नका.

चित्रीकरणाची धास्ती घेऊ नका. नव्या रेणूच्या, म्हणजे पूर्वी न वापरलेल्या रसायनाच्या, औषधाची चाचणी दुर्बल घटकातल्या माणसावर करायची तर संमतीचं दृक्‌श्राव्य चित्रीकरण लागतं. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे कान उपटल्यावर हे आलं आणि औषध-चाचण्यांच्या २०१९ च्या नियमावलीतही आहे. दुसऱ्या दिवशी मी व्हरांड्यात बसले होते तेव्हा एका आजोबांचं हे चित्रीकरण चाललं होतं. मोबाइल स्टँडवर, आजोबांची टोपी काढायला लावलेली, का कोण जाणे. ‘समजलं ना आजोबा? मान हलवू नका, हो म्हणा. मोठ्याने. आवाज आला पाहिजे.’ आजोबा म्हणाले, ‘हो.’ ‘अजून एकदा, मागे गाडीचा हॉर्न वाजला.’ ‘हो.’ न्यायालयाला हवा होता पुरावा, मिळाला. वरातीत नवऱ्याला इतकं तरी विचारतात.

मुलं घ्यायची असतील तर आईबापांच्या मागे कुठे हिंडता? वसतिगृह गाठा. २००९ साली तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात शाळकरी मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस देण्याचा प्रकल्प झाला, तेव्हा आश्रमशाळांमधल्या कितीतरी मुलींच्या संमतीपत्रांवर वॉर्डनच्या सह्या होत्या. आईबाप कुठल्याशा पाड्यावर. आंध्र आणि गुजरात मिळून सात मुली दगावल्या. मृत्यूंचा लसीशी संबंध नाही असं चौकशीत निघालं, ते मी मानते, लस चांगली आहे, माझ्या भाचीला पैसे भरून दिली. पण सही वॉर्डनची कशी? ते संसदेच्या समितीने २०१३ मध्ये विचारलं. मी अजून विचारतेच आहे.

गरोदर बायका मात्र नकोत, भानगड असते. त्यांना चाचणीतून वगळायचं, याला संरक्षण म्हणतात. मग कोविडसारखं काही आलं की चाचणीत कुणी गरोदर बाई नव्हती म्हणून लस द्यायची की नाही यावर महिनोन्‌महिने खल करायचा आणि २ जुलै २०२१ ला ‘बाई, आता तुमचं तुम्ही ठरवा’ म्हणून मोकळं व्हायचं.

जोखमीचा हिशोब तर शिकून घ्याच, मजेशीर आहे. चाचणीमुळे माणूस मेला तर भरपाईचं सूत्र कायद्यातच आहे: मूळ रक्कम ८ लाख, तिला वयाच्या आकड्याने गुणा, मग जोखमीच्या आकड्याने गुणा, मग ९९.३७ ने भागा. पासष्ट वर्षांच्या माणसाचा वयाचा आकडाही ९९.३७ च आहे, म्हणजे तो कटतो. उरतो जोखमीचा. धडधाकट माणूस असेल तर ४, सहा महिन्यांत जाणार असं दिसत असेल तर ०.५. म्हणजे पासष्टीचा निरोगी गृहस्थ ३२ लाखांना आणि शेजारच्या खाटेवरचा, त्याच वयाचा, मरणाला टेकलेला, ४ लाखांना. हिशोबात चूक नाही, वकील म्हणतील तर्कही आहे. मी फक्त तुमच्यातल्या काटकसरी माणसाला दाखवून ठेवतेय की भाव कुठे उतरतो.

नैतिक समितीची, म्हणजे चाचणीला मंजुरी देणाऱ्यांची, काळजी नको. किमान सात जण, निम्मे तरी बाहेरचे, एक बाई, एक कायदेतज्ज्ञ, एक सामान्य माणूस. नियमात तत्त्वज्ञ आणि धर्मशास्त्रीसुद्धा चालतो. सामान्य माणूस म्हणून एखादे निवृत्त प्राचार्य बोलवावेत, त्यांना बैठकीचं आमंत्रण आणि बटाटेवडा दोन्ही आवडतं. माहितीपत्रकाच्या सतराव्या पानावर या समितीचा फोन नंबर असतो, शंका असल्यास विचारण्यासाठी. मला शंका होती. मी लावला. तो फॅक्सचा निघाला. कीं करून कानठळ्या बसवणारा तो आवाज ऐकून मला १९९८ सालचं आमचं ऑफिस आठवलं.

आता अंगठा.

मंगलबाईंना सही येते. साक्षरतेच्या वर्गात शिकल्या, रात्री, सहा महिने, धाकटा पाळण्यात होता तेव्हा. बँकेत करतात, रेशनच्या दुकानात करतात, माझ्याकडून उचल घेतली तर डायरीत करतात. म मग ग, ग वर अनुस्वार आधी पडतो, तो खोडतात, म वर देतात, मग ल. आणि सगळ्यात शेवटी श्वास रोखून शिरोरेघ ओढतात, एका दमात, डावीकडून उजवीकडे, पत्र्यावर पट्टी ठेवून कापावं तशी. एक मिनिट लागतं. फार तर दीड. त्या खोलीत त्या म्हणाल्या, ‘मला सही येतीया.’ ताई म्हणाली, ‘राहू द्या मावशी, सगळ्यांचे अंगठेच घेतोय, लाइन बघा केवढी आहे.’ आणि त्यांचा हात धरून पॅडवर दाबला. साक्षीदाराच्या रकान्यात सही आधीच होती. वाचता न येणाऱ्यासाठी तटस्थ साक्षीदार लागतो, तो पूर्ण वेळ समोर बसलेला असावा लागतो. इथे तो साक्षीदार बाहेर लिफ्टजवळ स्टुलावर बसला होता, रुग्णालयाच्या गणवेशात, आणि त्याने सकाळीच गठ्ठाभर कागदांवर सह्या करून ठेवल्या होत्या. मीच विचारलं त्याला. बिचारा खरं बोलला.

मी टेबलाशी गेले. ‘तुम्ही नातेवाईक का?’ नाही, त्या आमच्याकडे कामाला आहेत. ‘मग तुम्हाला काही सांगता येणार नाही, गोपनीयता असते.’ आजोबांचा ‘हो’ अजून व्हरांड्यात घुमत होता. संमतीपत्राची प्रत मागितली, तर ‘प्रत फाइलला असते’. मधे सोडलं तर? ‘सोडता येत नाही, दिलेलं भाडं परत घ्यावं लागेल.’

बाई, हे खोटं आहे. प्रत द्यावीच लागते, कायदा आहे. कधीही, कारण न सांगता, बाहेर पडता येतं, आणि त्यासाठी कुणाला भाड्याचे पाचशे रुपयेही परत करावे लागत नाहीत. तुम्हाला हे माहीत नसेल तर त्या खुर्चीत बसू नका, आणि माहीत असून बोलत असाल तर लाज वाटू द्या. डॉक्टर, तुम्हालाही. तुमचं नाव पहिल्या पानावर प्रमुख संशोधक म्हणून आहे आणि दोन दिवसांत तुम्ही त्या खोलीत फिरकला नाहीत. मी संशोधनाच्या विरुद्ध नाही. रोज सकाळी बीपीची गोळी घेते, ती कुणाच्या तरी अंगावर तपासल्याशिवाय माझ्या डबीत आलेली नाही. त्या कुणालातरी कोणी विचारलं होतं का, एवढंच विचारतेय. दुर्बल घटक म्हणता. चार घरची भांडी आणि दोन जिने पाणी ओढणारी बाई दुर्बल नव्हती हो, तुमच्या टेबलासमोर बसवून तुम्ही तिला दुर्बल केलंत. सही येते म्हणणाऱ्या बाईचा हात धरून अंगठा दाबलात. मिनिट वाचवलंत एक.

काल भांडी पालथी घालता घालता मंगलबाई म्हणाल्या, ‘ताई, जुन्या गोळ्या बंद करा म्हणालीती ती पोरगी, दोन आठवडं. आज चक्कर आली जिन्यात. घेऊ का एक?’ महापालिकेच्या दवाखान्यातल्या गोळ्या, आठ वर्षं चाललेल्या. बंद का करायच्या, किती दिवस, चक्कर आली तर कुणाला फोन करायचा, काही सांगितलेलं नाही. फोन म्हणून आहे तो फॅक्स. मी त्यांना खुर्चीवर बसवलं, शेजारच्या डॉक्टरांकडे जाऊन साखर बघून आणली. तीनशे चाळीस.

येत्या गुरुवारी साडेआठला आम्ही दोघी येतोय, तिच्या साखरेचा कागद घेऊन. प्रत काढून ठेवा. डॉक्टरांना खाली बोलवा. मंगलबाई बाहेर पडायचं म्हणाल्या तर तसा कागद लागेल, त्यावर त्या सही करतील. दीड मिनिट लागेल. थांबा.