जॅकवर भरवसा ठेवा, शेठ!

तुर्भ्याला नाहीतर वागळे इस्टेटला गॅरेज काढताय? छान. नारळ फोडा, पेढे वाटा आणि पहिल्याच दिवशी ठरवून टाका की गाडीखाली लावायच्या स्टँडवर दमडीही घालवायची नाही. जॅक आहे ना! जॅक गाडी उचलायला असतो, तोलून धरायला नव्हे, असं म्हणणारे लोक पुस्तकं वाचून बिघडलेले असतात. आतलं रबरी सील झिजलं, तेल गळलं की जॅक बसतो हे खरं. पण सांगून थोडाच बसतो? मग आधीपासून काळजी कशाला? अगदीच धाकधूक वाटली तर शेजारच्या साइटवरून सिमेंटचे दोन पोकळ ब्लॉक उचलून आणा. एका कोपऱ्यावर भार आला की त्यांचा चुरा होतो, पण तोवर दिसतात मात्र भक्कम. चाकांना ठोकळे लावत बसू नका, हँडब्रेक आहेच. (गाडी हँडब्रेकच्याच कामाला आलीय, ही किरकोळ बाब.)

खाली जायचं कोणी? अर्थात पोऱ्याने. त्याचं वय विचारू नका. चौदाच्या आतल्या मुलाला कामाला ठेवायला २०१६ पासून बंदी आहे. कोणी हटकलंच तर 'भाचा आहे, सुटीत आलाय' म्हणा. बऱ्याच गॅरेजांत असे भाचे असतात आणि त्यांची सुटी काही संपत नाही.

पार्ट धुवायला पेट्रोलच वापरा. उणे चाळीस अंशांतही त्याची वाफ पेट घेऊ शकते, तर ठाण्याच्या मे महिन्यात तिला काय अडचण? ती हवेपेक्षा जड, म्हणून पिटमध्ये, म्हणजे गाडीखाली उभं राहायच्या खड्ड्यात, जाऊन बसते. तिथेच टेप गुंडाळलेल्या वायरीचा बल्ब लोंबत ठेवा.

पावसाळ्यात शटर अर्धं ओढून इंजिन चालू ठेवायचं. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, त्यामुळे गिऱ्हाइकाची तक्रार येत नाही. रक्तात तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट घट्ट चिकटतो. डोकं जड झालं की पोऱ्याला कटिंग पाजा.

घोडबंदरचा गायमुखचा चढ चढून वाफाळत आलेल्या गाडीच्या रेडिएटरचं झाकण ताबडतोब उघडा. आत दाब असल्याने पाणी शंभर अंश ओलांडूनही उकळलेलं नसतं. झाकण फिरवलं की ते सगळं एकदम उकळतं, आणि उघडणाऱ्याचं तोंड बरोबर वरच असतं. फडकं धरायचं असतंच, पण ते कालच ऑइलमध्ये भिजलंय.

ट्रकच्या टायरात शंभर पीएसआयच्या वर हवा भरताना लॉक रिंग (टायरला रिमवर अडवून धरणारी लोखंडी कडी) नीट बसली नाही, तर हवा चालू ठेवूनच हातोडा हाणा. टायर लोखंडी पिंजऱ्यात ठेवून हवा भरावी म्हणतात. पिंजरा! टायर काय राणीच्या बागेतला वाघ आहे?

गिऱ्हाइकांनीही हातभार लावावा. सकाळी दहाला गाडी टाकून बाराला फोन करा, 'झाली का?' चार वाजता येऊन डोक्यावर उभे राहा. कंटाळा आला तर गाडीत बसून एसी चालतो का बघा. खाली दोन पाय दिसत असले तरी सेल्फ मारायला काय हरकत आहे? मग बिल आलं की लेबरमधून दोनशे कापा. पार्टची किंमत कंपनीने छापलेली असते, तिथे घासाघीस चालत नाही.