रॉकेल औषध नाही, आणि खनिज तेल डायनासोरची चरबीही नाही

परवा सकाळी वारज्याहून आईचा फोन. "अगं, गुडघ्याला रॉकेल किती वेळ चोळायचं? मेसेजमध्ये तेवढं लिहिलेलं नाहीये."

स्टो घरातून जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण सरबताच्या जुन्या बाटलीत रेशनचं निळं रॉकेल माळ्यावर पडून होतं. ती बाटली आईने पुसून ओट्यावर आणून ठेवली होती. पेटत्या गॅसच्या शेजारी! आधी बाटली बाल्कनीत ठेवायला लावली, मग मेसेज मागवून घेतला. ‘खनिज तेलाचे शाळेत न शिकवले जाणारे सत्य’ असं वर लिहिलेला हा फॉरवर्ड भाचीच्या सातवीच्या पालकांच्या ग्रुपवरून आईपर्यंत पोचला होता. त्याचं म्हणणं असं: खनिज तेल ही डायनासोरची चरबी, त्यातलं पेट्रोल-डिझेल काढलं की उरतो तो कचरा, तोच डांबर म्हणून रस्त्यावर ओततात, रॉकेल हे नैसर्गिक औषध, सांध्यांना चोळा, उवांसाठी केसांना लावा, जंतांसाठी मुलांना उपाशीपोटी चमचाभर द्या, व्हॅसलिन तेलापासूनच होतं, हा पुरावा, आणि तेलविहिरी आपोआप भरतात, टंचाई खोटी आहे.

मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते, त्यामुळे ‘शाळेत शिकवत नाहीत’ हे वाचूनच डोकं फिरलं. पण राग आला तो त्या चमचाभर रॉकेलचा. तिथूनच सुरुवात करते.

रॉकेल पातळ आणि चटकन पसरणारं असतं. गिळताना ठसका लागला की ते अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरतं. फुप्फुसांच्या बारीक पिशव्या उघड्या ठेवणारा एक पातळ थर असतो, तो रॉकेलमुळे विस्कटतो आणि फुप्फुसाला सूज येते. लहान मुलाला त्यासाठी फार रॉकेल लागत नाही. रॉकेलचं कोणतंही सुरक्षा-माहितीपत्रक उघडून बघा. त्यात एच ३०४ हा इशारा असतो: गिळल्यास आणि श्वासमार्गात गेल्यास प्राणघातक ठरू शकतं. रॉकेल विकणारेच हे लिहून देतात, आणि आपण ते मुलाच्या तोंडात घालायचं? चुकून कुणी प्यायलंच तर मीठ-पाणी पाजून उलटी काढू नका. उलटीबरोबर ते वर येतं आणि पुन्हा फुप्फुसात जाऊ शकतं. तडक रुग्णालय गाठा. जंतांसाठी राष्ट्रीय जंतनाशक दिनाला शाळेत आणि अंगणवाडीत अल्बेंडाझोलची गोळी फुकट मिळते.

चोळल्याने काय होतं? कातडीवरचं तेल धुऊन निघतं, आग होते, वरून पट्टी बांधली तर फोडही येतात. आणि रॉकेल लावलेल्या केसांनी मुलगी स्वयंपाकघरात गेली तर काय होईल, ते लिहायला हात धजत नाही. पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून उडणाऱ्या विमानांचं इंधन तेलाच्या जवळपास याच भागातून निघतं, एवढं लक्षात ठेवलं तरी चालेल.

आता व्हॅसलिन. हो, ते खनिज तेलापासूनच होतं. तेवढं खरं आहे, मान्य. रॉबर्ट चेसब्रो यांनी १८७२ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. पण तो जड, मेणचट भाग असतो आणि पुन्हा पुन्हा शुद्ध करून त्यातले घातक घटक काढलेले असतात. म्हणून रॉकेलही औषध म्हणणं म्हणजे काकवी आणि दारू दोन्ही उसाचीच, तेव्हा बाळाला काहीही चाटवा, असं म्हणणं झालं.

डांबर कचरा नाही. कच्चं तेल साधारण ३५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून उंच मनोऱ्यात सोडतात. हलक्या वाफा वर चढतात, जड भाग खाली राहतो. वरून गॅस, मग पेट्रोल आणि नॅफ्था (पेट्रोलसारखाच हलका भाग), रॉकेल, डिझेल, वंगण आणि तळाला डांबर. मुलांच्या पेनाचं प्लास्टिक बहुतेक वेळा त्या नॅफ्थापासूनच आलेलं असतं. पुण्याजवळच्या लोणी काळभोरला टँकरच्या रांगा दिसतात, पण तिथे तेल शुद्ध होत नाही. तयार इंधन मुंबईहून पाइपलाइनने येतं आणि तिथे साठवतात.

डायनासोरचं तर विचारूच नका. समुद्रातले सूक्ष्म जीव, शेवाळ गाळात गाडले गेले, दाब आणि उष्णतेने लाखो वर्षांत त्यांचं तेल झालं. मुंबईजवळच्या समुद्रातल्या बॉम्बे हाय या तेलक्षेत्राचं तेल ज्या गाळात तयार झालं तो गाळच मुळी डायनासोर संपल्यानंतरचा आहे.

विहिरी आपोआप भरत असत्या तर १९७४ मध्ये सापडलेल्या त्याच बॉम्बे हायमध्ये दाब टिकवायला पाणी सोडावं लागलं नसतं, आणि देशाला लागणारं ८० टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणावं लागलं नसतं.

हे सगळं मी रात्री भाचीच्या आईकरवी त्या ग्रुपवर टाकलं. दहाच मिनिटांत एका आईचं उत्तर आलं: "ताई, मी आज दुपारीच मुलीच्या केसांना लावलंय." लगेच फोन केला. गॅसपासून, देव्हाऱ्यातल्या दिव्यापासून तिला लांब ठेवा, केस शाम्पूने दोनदा धुवा, उवांसाठी उद्या डॉक्टरांना विचारून लोशन आणा, आणि बारीक दातांची फणी घ्या. पोरीची मान लाल झाली होती.