दुधाच्या कॅनमधलं रक्त आणि आयआयटीची जागा

आमच्या फॅमिली ग्रुपवर आयआयटी परत पेटलीय. काका म्हणतात गोव्याचा विकास नको असेल तर तसं स्पष्ट सांगा, आतेभाऊ म्हणतो डोंगर कापण्यापलीकडे तुमच्या विकासाला काय येतं ते सांगा, मग कोणीतरी मध्येच गुड मॉर्निंगचं फूल टाकतं आणि दोन तास शांतता. मी इथे मॅडिसनला, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, त्यामुळे त्यांचं भांडण माझ्या झोपेच्या वेळेला रंगात येतं आणि सकाळी उठून पन्नास-साठ मेसेज वाचावे लागतात. त्यात एक शेवट ठरलेला, "तू तिकडे आहेस, तिकडे कसं असतं सांग रे यांना."

तर सांगतो, पण काकांना हवंय तसं नाही आणि आतेभावाला हवंय तसंही नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: आयआयटी गोवा 2016 ला सुरू झाली, फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात बिऱ्हाड मांडलं, आणि कायमची जागा कुठे यावरून लोलये झालं, सांगे झालं, आमच्या सत्तरी तालुक्यात शेळ-मेळावली झालं. मेळावलीत 2021 च्या जानेवारीत बायाबापड्या रस्त्यावर उतरल्या, पोलिसांशी झटापट झाली आणि सरकारने तिथला प्रकल्प मागे घेतला. जमीन सुमारे 10 लाख चौरस मीटर हवी होती आणि तिथे लोकांच्या काजी, म्हणजे काजूची झाडं होती, पिढ्यान्‌पिढ्या लावलेली, पण नावावर कागद नाही, कारण सत्तरीत आल्वारा आणि मोकासो या पोर्तुगीज काळापासूनच्या जमिनींचा घोळ अजून सुटलेला नाही. ज्याच्याकडे कागदच नाही त्याला नुकसानभरपाई कसली डोंबलाची.

आता इकडची गोष्ट. 1933 च्या फेब्रुवारीत, भर हिमवादळात, एक शेतकरी गाडी घेऊन जवळजवळ तीनशे किलोमीटर हाकत मॅडिसनला आला. गाडीत एक मेलेली कालवड, दुधाच्या कॅनमध्ये गोठतच नसलेलं रक्त आणि सडलेलं गवत, स्वीट क्लोव्हर नावाचा चारा. त्याची गुरं आतल्या आत रक्त वाहून मरत होती. त्याला गाठायचं होतं सरकारी पशुवैद्याला, पण शनिवार, ऑफिस बंद, मग ज्या बिल्डिंगचं दार उघडं दिसलं तिथे शिरला आणि ती निघाली युनिव्हर्सिटीतली कार्ल पॉल लिंक नावाच्या बायोकेमिस्टची लॅब. लिंक त्या दिवशी त्याला काहीच देऊ शकला नाही, एवढंच म्हणाला की हा चारा घालू नका. पण तो कॅन त्याने ठेवून घेतला आणि लॅब कामाला लागली. चाऱ्यातलं नेमकं काय रक्त गोठू देत नाही ते शुद्ध स्वरूपात हाताला लागायला 1939 उजाडलं, म्हणजे सहा वर्षं. त्याच शोधातून पुढे वॉर्फरिन आलं, 1948 ला उंदरांचं औषध म्हणून बाजारात, मग 1954 ला माणसांसाठी, आणि 1955 ला हार्ट अटॅक आल्यावर खुद्द राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरना दिलं. माझ्या डिचोलीच्या मावशीचा हार्टचा व्हॉल्व्ह बदललाय, ती रोज संध्याकाळी घेते ती रक्त पातळ करायची गोळी याच कुळातली. रक्ताची टेस्ट करायला बांबोळीला जाते आणि डॉक्टर पालेभाजी बेताने खा म्हणतात म्हणून वैतागते. तिला मी मेलेल्या कालवडीची गोष्ट सांगितली तर म्हणाली, म्हणजे मी उंदराचं औषध खाते होय रे मेल्या.

मला या गोष्टीतलं औषध नाही महत्त्वाचं वाटत, दार वाटतं. शेतकऱ्याला युनिव्हर्सिटीत शिरताना आपण चुकीच्या ठिकाणी आलो असं वाटलं नाही आणि आतल्या माणसालाही हा इथे कशाला आला असं वाटलं नाही. ते योगायोगाने झालं नव्हतं. 1862 च्या कायद्याने राज्यांना जमिनी देऊन शेती आणि इंजिनिअरिंग शिकवणारी कॉलेजं काढली, 1914 च्या कायद्याने त्यांचे लोक जिल्ह्याजिल्ह्यात बसवले. विस्कॉन्सिनमध्ये 72 काउंट्या, म्हणजे जिल्हे आहेत आणि काउंटी ऑफिसात एक्स्टेन्शनचे, म्हणजे युनिव्हर्सिटीचं ज्ञान शेतापर्यंत पोचवणारे लोक बसतात, ते काय सांगतात यावर कॉफी पिताना शेतकरी जेवढी टीका करतात तेवढी आपल्याकडे पंचावरही होत नाही. पण विचारायला तिथेच जातात.

मी शेतकरी नव्हे, घराच्या मागे चार टोमॅटो लावतो. त्यांची खालची पानं ठिपके येऊन पिवळी पडायला लागली तेव्हा शेजारचे आजोबा म्हणाले युनिव्हर्सिटीच्या रोगनिदान क्लिनिकला नेऊन दे. झिपलॉकच्या पिशवीत पानं घालून दिली, थोडी फी घेतली, मग ईमेल आला: बुरशीचं नाव, ती जमिनीवरून पाण्याच्या शिंतोड्यांनी वर कशी चढते, खालची पानं काढून टाका, पाणी मुळाशी घाला, पुढच्या वर्षी जागा बदला. फवारा फुकटचा मारू नका असंही. आणि तिकडे वाळपईजवळ माझ्या दादाच्या काजीचा मोहर ढेकण्या नावाच्या किडीने करपून काळा पडला तेव्हा त्याने काय केलं? दुकानदाराने काउंटरखालून काढून दिलेली बाटली मारली. दुकानदार विकणारच, त्याचा धंदाच तो. जुन्या गोव्याला आयसीएआरची, म्हणजे केंद्राची शेती संशोधनाची संस्था आहे, काजूवर काम करणारी माणसं आहेत हे दादाला माहीत आहे, तो दोनदा प्रदर्शनाला पण जाऊन आलाय. पण करपलेली डहाळी घेऊन तिथे जाता येतं हे त्याच्या डोक्यातच येत नाही, कारण तसं जाणारा कोणी त्याने पाहिलेला नाही.

गोव्यात संशोधन होत नाही असं म्हणणारे आमचे काका चुकतात, हे पण लिहून टाकतो. खाजन, म्हणजे खाडीकाठी बांध घातलेल्या शेतात खाऱ्या पाण्याला पुरून उरणारा कोरगुट हा भात आपल्या लोकांनी शेकडो वर्षं जपला, त्याच कोरगुटातून निवड करून जुन्या गोव्याच्या संस्थेने गोवा धान 1 आणि 2 काढले. शेतकऱ्याचं बी लॅबमध्ये गेलं आणि सुधारून परत आलं, यापेक्षा चांगलं उदाहरण मला विस्कॉन्सिनमध्येही शोधावं लागेल. पण बांध फुटलेला, मानशीची, म्हणजे खाडीचं पाणी अडवायची दारं कुजलेली आणि शेत पडीक असेल तर कुठलं धान आणि कुठलं काय.

मेळावलीच्या वेळी मला सगळ्यात खटकलं ते वेगळंच. सत्तरीत 2015 ला पाळी गावात माकडताप आला. हा रोग 1957 ला कर्नाटकात क्यासनूरच्या जंगलात सापडलेला, गोचीड चावून होतो, आणि गोचिडीची बारकी पिल्लं जंगलात सर्वात जास्त असतात ती नेमकी काजूच्या दिवसांत. काजूचे बोंडू वेचायला वाकलेली बाई, पायात चप्पल, पातळ गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पालापाचोळ्यात हात. लगेच पुढे 2016 ला आमच्या शेजारी दोडामार्गात साथ आली. म्हणजे शेती, आरोग्य आणि बोंडूपासून फेणी काढायच्या भट्टीचा धंदा तिन्ही एकाच उतारावर उभे आहेत. गोचीड कुठे किती आहे, कुठली बाग आधी वेचावी, अंगाला काय लावावं, सोसवेल असे बूट कसे करावेत, हे इंजिनिअर आणि डॉक्टर आणि शेतीवाले एकत्र बसून सोडवण्यासारखे प्रश्न आहेत. अशा वेळी तिथल्या बायकांना आयआयटी आली तर काय मिळेल म्हणून सांगितलं? नोकऱ्या. कसल्या, ते कोणी बोललं नाही, पण सगळ्यांना कळलं, झाडू आणि सिक्युरिटी. मी तिथे असतो तर मीपण रस्त्यावर बसलो असतो.

आणि आता आतेभावा, तुझ्यासाठी. इथलं सगळं आदर्श समजू नकोस. ही युनिव्हर्सिटी हो-चंक लोकांच्या जमिनीवर उभी आहे, 1832 च्या कराराने त्यांच्याकडून काढून घेतलेल्या, आणि तसं सांगणारी पाटी कॅम्पसवर लागली 2019 ला. पाटी वाचून विद्यार्थी क्लासला जातात, जमीन आहे तिथेच आहे. व्हिटॅमिन डीचं पेटंट घेतलेल्या इथल्याच फाउंडेशनने लोणीवाल्यांचं नुकसान होईल म्हणून मार्गारिन, म्हणजे तेलापासूनचं नकली लोणी बनवणाऱ्यांना ते वापरू दिलं नाही, आणि मार्गारिन खात होते गरीब. दुधातली स्निग्धता मोजायची पद्धत मात्र बॅबकॉकने 1890 ला इथेच काढली आणि पेटंट घेतलं नाही, दोन्ही प्रकारची माणसं एकाच अंगणातली. एवढी सेवा करूनही इथले छोटे गोठे वाचले का? वीस वर्षांत पंधरा हजारांच्या वर असलेले डेअरी फार्म सहा हजारांच्या आत आलेत, दूध वाढलं आणि शेतकरी संपला. वरून 2025 ला फेडरल ग्रँट्सवर कात्री चालली, तेव्हा ज्या लॅब्सचं मी कौतुक करतोय तिथलेच लोक आपली नोकरी राहते का बघत बसलेले.

छोट्या धंद्याला मात्र इथे खरोखर उपयोग होतो हे डोळ्यांनी बघितलं. 1986 पासून कॅम्पसवर डेअरी रिसर्चचं सेंटर आहे, चीज कडू झालं की बनवणारा तुकडा घेऊन येतो. आपल्याकडे फेणीला 2009 ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, हेरिटेज ड्रिंक झाली, एअरपोर्टवर डिझायनर बाटल्या आल्या. पण पावणीत, म्हणजे लिलावात काजूचा डोंगर घेऊन भट्टी लावणारा अजून ग्राव, म्हणजे दारूच्या कडकपणाचं माप बघूनच माल पारखतो, पहिल्या धारेचा हुर्राक पंधरा, फेणी एकोणीस-वीस, त्याच्या पुढचं सगळं नाकावर. तो नाकाने चुकत नाही, पण एखाद्या वर्षी माल आंबूस का लागतोय हे विचारायला त्याने कुठे जायचं? कुठल्या गेटवर सिक्युरिटीवाला त्याला बाटली घेऊन आत सोडेल सांगा.

ग्रुपवर मी एवढं सगळं लिहिलं नाही, तिथे वाचणार कोण. काकांना एवढंच टाकलं की जागा मिळेल तेव्हा मिळेल, पण फर्मागुडीला प्राध्यापक आजही आहेत, ताळगावच्या पठारावर गोवा युनिव्हर्सिटी आहे, बांबोळीला मेडिकल कॉलेज आहे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिरच्यांच्या शेजारी एक टेबल लावायला कोणाचा डोंगर लागत नाही. करपलेलं पान, अळी पडलेला नारळ, आंबूस हुर्राक, काय असेल ते आणा, आठवड्याने या, उत्तर मिळेल. उत्तर नाही मिळालं तर तसं पण सांगू. काकांचा रिप्लाय आला, टेबलाचं भाडं कोण देणार. आतेभावाने त्यावर अंगठा टाकला, तेवढ्यापुरतं दोघांचं एकमत.